धाराशीव प्रांतीं बालकांस वनस्पति व प्राणी यांची ओळख : कांहीं साधनें

जुन्या पंतोजींच्या शाळेंत काय शिकवीत, हें वाचकांस ठाऊक आहे. धूळपाटीवर अक्षरें घटवावयाचीं, पावकी-निमकी पाठ करावयाची, मोडी कित्ता गिरवावयाचा. हिशेब व पत्रलेखन साधलें कीं शिक्षण पुरें. झाड, पान, पक्षी, जनावर यांचा या क्रमांत स्वतंत्र पाठ नाहीं. तथापि हरभऱ्याचा घाटा व तुरीची शेंग यांतील भेद न कळणारें मूल शेतकऱ्याच्या घरीं सांपडणें कठीण. मग हा पाठ त्यास कोणी दिला व कशाच्या साह्यानें दिला? याचीं साधनें धाराशीव जिल्ह्यापुरतीं एकत्र मांडावीं, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

पहिलें साधन माती होय. इ. स. च्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथांत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नगर सांगितलें आहे. तें तगर म्हणजे या जिल्ह्यांतील तेर, असें फ्लीट यांनीं १९०१ सालीं प्रतिपादिलें. पुढें १९५८ सालीं चापेकर यांनीं तेथें उत्खनन केलें. गांवचे रामलिंगप्पा लामतुरे यांनीं पांढरीच्या टेकाडांवरून वेंचून जमविलेला संग्रह आतां त्यांच्याच नांवाच्या शासकीय संग्रहालयांत आहे. त्या मृण्मूर्तींत मनुष्याकृतींबरोबर प्राणीही आहेत. परंतु मातीचा प्रत्येक प्राणी म्हणजे खेळणें, असें समजणें धाडसाचें होईल. कांहीं मूर्ति नवसाच्या किंवा पूजेच्याही असूं शकतील. पायांतून आंस घालण्यासाठीं आरपार भोक असेल, किंवा पुढें दोरी ओवण्याची सोय असेल, तर खेळण्याचा पक्ष बळकट होतो. अशीं चिन्हें नसतील तेथें निर्णय राखून ठेवावा, हें बरें.

मातीच्या जनावराची परंपरा मात्र खंडित झालेली नाहीं. गोरोबाकाकांच्या या गांवीं कुंभाराच्या चाकाचें निराळें महत्त्व सांगावयास नको. श्रावण अमावास्येस पोळा येतो. ज्याच्या दावणीस बैल नाहीं तो मातीचे बैल पुजतो, आणि पूजा आटोपल्यावर ते मुलांच्या हातीं जातात. जें मूल स्वतः बैल वळतें, त्यास वशिंड कोठें येतें, शिंगांचा बाक कसा असतो, गळकंबळ किती लोंबतें, हें गोठ्यांत जाऊन पाहावेंच लागतें. नागपंचमीस भिंतीवर नाग काढतात, त्यांतही हाच गुण आहे. भीतीचा प्राणी बालकाच्या दृष्टीस प्रथम चित्ररूपानें पडतो.

दुसरें साधन पत्रीचें. गणेशपूजेच्या पोथ्यांत एकवीस पत्रींची यादी असते, ती संग्राहकांच्या परिचयाची आहे. माका, बेल, दूर्वा, बोर, धोत्रा, तुळस, शमी, आघाडा, डोरली, रुई इत्यादि पानें आणण्यास घरांतील मुलांसच धाडीत. आघाड्याचें कणीस वस्त्रास चिकटतें, रुईचें पान तोडतांच चीक येतो, बेल त्रिदल असतो, या खुणा तोंडानें सांगितलेल्या व हातानें पडताळलेल्या असत. येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. याच यादींत देवदाराचेंही नांव येतें, आणि देवदार हा हिमालयांतील वृक्ष. बालाघाटाच्या डोंगरांत तो उगवत नाहीं. म्हणजे यादी ग्रंथांतून आली, पण ओळख मातींतून झाली. ग्रंथांतील नांव व शिवारांतील पान यांची सांगड घरोघर कशी घालीत, हें पोथीवरून कळत नाहीं. तें माणसांस विचारूनच कळेल.

तिसरें साधन या प्रांताचें खास आहे. मार्गशीर्ष अमावास्येस धाराशीव, लातूर, सोलापूर व लगतच्या कर्नाटकांत वेळ अमावास्या, लोकभाषेंत येळवस, पाळतात. शेतांत कडब्याची कोप उभारतात, चुन्यानें रंगविलेले पांच दगड पांडव म्हणून पुजतात, आणि सर्व कुटुंब तेथेंच जेवतें. ज्वारीच्या पिठाची ताकांतील आंबील, बाजरीचे उंडे, व नाना प्रकारच्या ओल्या शेंगा, डाळी व पालेभाज्या एकत्र शिजविलेली भज्जी, हा त्या दिवसाचा पाक होय. त्या सुमारास रब्बीचीं पिकें उभीं असतात. मूल जें झाड पाहतें, त्याचाच दाणा पानांत ओळखतें. एका शेतांतून दुसऱ्या शेतांत आमंत्रणानें जातांना सबंध शिवाराचा परिचय होतो.

यावर कोणी म्हणेल, पंचतंत्रांत प्राणी नाहींत काय? आहेत, परंतु तेथें सिंह व कोल्हा राजनीति शिकवितात, आपलें स्वतःचें वर्णन सांगत नाहींत. तंजावरास सरफोजीराजांच्या छापखान्यांत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इसापनीतीचें मराठी रूपांतर 'बालबोधमुक्तावली' छापलें, त्यासही हेंच लागू पडतें. जवळची वस्तु हातीं देऊन शिकविण्याचें तत्त्व शिक्षणशास्त्रानें पुढें मान्य केलें. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें कार्य आरंभिलें, तें परिसरांतील साध्या वस्तूंच्या आधारेंच. आपल्या घरांत तें तत्त्व नांवावांचून वावरत होतें.

असो. ताम्रपट टिकतो, पोथी बासनांत राहते. पोळ्याचा कच्चा बैल पहिल्याच पाण्यांत विरघळतो. पानांचीं गांवठी नांवें सांगणाऱ्या आज्याही विरळ होत आहेत. यास्तव संग्राहकांस विनंति अशी कीं, पत्रीची यादी मिळाल्यास ती सामान्य म्हणून टाकूं नये. याद्या सर्वत्र एकसारख्या नसतात, म्हणून प्रत्येक प्रत नोंदवावी. तिच्याशेजारीं गांवांतील नांव लिहावें आणि शक्य तेथें वाळविलेलें पान जोडावें. पुढील संशोधकास पोथींतील शब्द वाचतां येईल. त्या शब्दाचें झाड दाखविणारें मात्र कोणी उरलें पाहिजे.