फडातून निघणारी गाडी
(इंजिनाच्या पोटात : भाग ६)

गेल्या आठवड्यात डिझेल पंपाचं काम पाहिलं; आज त्या पंपाच्या जोरावर नाव कमावलेल्या इंजिनाकडे वळू. टाटाने १९५४ मध्ये डाइमलर-बेंझशी केलेला करार १९६९ मध्ये संपला, पण त्या घराण्यातली इंजिनं पुढे कित्येक दशकं देशभर धावली. त्यांतलं ‘६९७’ सहा सिलिंडरचं. सिलिंडरचा व्यास ९७ मिलिमीटर, स्ट्रोक १२८, म्हणजे आकारमान जवळपास ५.७ लिटर. मूळ रूपात टर्बो नाही, आणि टॉर्क साडेतीनशे न्यूटन-मीटरच्या आसपास. आजच्या ट्रकांपुढे हा आकडा किरकोळ आहे. तरी नांदेड-लातूर पट्ट्यात ज्या कामासाठी अशा इंजिनाची आठवण निघते, ते काम पाहिलं की जुन्याचं प्रेम एवढंच कारण पुरत नाही. खरं कारण उसाच्या फडात सापडतं.

भरलेली सहाचाकी गाडी फडात उभी आहे आणि तिचं एकूण वजन १६ टन आहे, असं धरू. डांबरी सडकेवर ती चालती ठेवायला वजनाच्या एखाद्या टक्क्याएवढा जोर पुरतो. अवकाळी पावसाने भिजलेल्या काळ्या रानात तोच जोर १५ टक्क्यांवर जाऊ शकतो, म्हणजे सुमारे अडीच टन. पहिला गिअर ७ पट आणि मागचा डिफरन्शियल ६ पट धरला, तर इंजिनाचा टॉर्क चाकापर्यंत ४२ पट होऊन पोचतो; अर्धा मीटर त्रिज्येच्या चाकाखाली तो तीन टनांचा जोर होतो. अडीचला तीन, त्यातून गिअरमधली घट वजा, एवढीच शिल्लक. क्लच सोडताना इंजिनाचे फेरे मिनिटाला हजाराच्या खाली उतरतात. त्या क्षणी टॉर्क निम्म्यावर आला, तर इंजिन बंद पडेल नाहीतर क्लच जळेल. (चाक जागीच फिरू लागलं, तर मात्र कुठलंच इंजिन कामाला येत नाही.)

बिनटर्बोच्या मोठ्या इंजिनाचा टॉर्क तिथे फारसा घटत नाही. सिलिंडर मोठा आणि फेरे कमी, त्यामुळे हवा आत यायला सवड मिळते. कमी फेऱ्यांत जोरासाठी कुणाची वाट पाहावी लागत नाही. दुसरं श्रेय पंपावरच्या गव्हर्नरचं. चाक रुतून फेरे पडले की त्याची फिरती वजनं आत येतात, स्प्रिंग डिझेलचं माप ठरवणारा पंपातला रॅक पुढे ढकलते आणि ड्रायव्हरने पाय न हलवताही डिझेल वाढतं. जड फ्लायव्हील मधला धक्का सोसतं. ड्रायव्हर ज्याला ‘ओढ’ म्हणतात ती या तिन्हींची मिळून बनते. घोडाताकदीच्या आकड्यात ती दिसत नाही, कारण ताकद म्हणजे टॉर्क गुणिले फेरे, आणि इथे फेरेच नसतात.

यावरचा आक्षेप वजनदार आहे: नवं टर्बो इंजिन याच्या दुपटीहून जास्त टॉर्क देतं, तेही हजार-बाराशे फेऱ्यांपासून. हे खरं आहे. गोदाकाठच्या नांदेडहून सुमारे पावणेतीनशे मीटर उंचावरच्या लातूरला भरल्या गाडीने चढायचं, तर जुनं इंजिन नव्याच्या जवळपासही येत नाही. लांब चढावर ताकदच लागते. पण टर्बो धुराच्या जोरावर फिरतो, आणि हजाराखाली तो जोर तुटपुंजा असतो. तिथे इंजिनाचं आकारमान बोलतं, आणि आज तेच आकारमान कमी करण्याकडे कल आहे. दुसरा आक्षेप धुराचा, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. जो गव्हर्नर गाडी ओढून काढतो, तोच हवेच्या मानाने जास्त डिझेल ओततो. काळा धूर त्याचाच. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ च्या मापात हे इंजिन बसूच शकत नाही, आणि जिल्ह्याच्या गावांतून ते रोज फिरावं असं मी म्हणणार नाही.

मात्र त्याचा गुण नव्यात मागता येतो. उसासाठी ट्रक घेणाऱ्याने शोरूममध्ये घोडाताकद विचारून थांबू नये. ८०० आणि १००० फेऱ्यांना टॉर्क किती, आणि रांगत निघण्यासाठी क्रॉलर गिअर आहे का, हे दोन प्रश्न विचारावेत आणि भरल्या गाडीची चाचणी मऊ रानातच मागावी.