वायकिंग शिकवण्याआधी

इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात सात ते अकरा वर्षांच्या मुलांना वायकिंग आहेत. तिथल्या प्राथमिक शाळेत वर्गाचे बहुतेक विषय एकच शिक्षक घेतो. गणित त्याचंच आणि ७९३ साली लिंडिसफार्नच्या मठावर पडलेली धाडही त्याचीच. म्हणून शाळा सुटल्यावर शिक्षकांना बोलवायचं, उत्खननातल्या वस्तू दाखवायच्या, शंका विचारू द्यायच्या, अशा संध्याकाळी तिथली संग्रहालयं ठेवतात. ही फार मोलाची प्रथा आहे. वायकिंगांनी स्वतःविषयी शिलालेखांपलीकडे फारसं लिहून ठेवलं नाही. त्यांच्याविषयी लिहिलं ते मुख्यतः लुटल्या गेलेल्या मठांतल्या भिक्षूंनी, आणि पुढे दोन-तीन शतकांनी आइसलंडमधल्या गाथाकारांनी. तिसरी साक्ष मातीची. ती ऐकली की डोक्यात पक्की बसलेली बरीच चित्रं पुसावी लागतात.

गैरसमज : वायकिंगांच्या शिरस्त्राणाला शिंगं असत.

वायकिंग काळातलं शिंगं असलेलं एकही शिरस्त्राण आजवर सापडलेलं नाही. नॉर्वेत येर्मुंडबू इथे १९४३ साली तुकड्यांच्या रूपात मिळालेलं दहाव्या शतकातलं शिरस्त्राण लोखंडी आणि गोलसर आहे, डोळ्यांभोवती चष्म्यासारखी पट्टी आहे. डेन्मार्कमध्ये वेक्सो इथे शिंगांची दोन शिरस्त्राणं मिळाली खरी, पण ती ब्राँझची आणि इसवी सनापूर्वी सुमारे ९०० सालची, म्हणजे वायकिंगांच्या सतराशे वर्षं आधीची. आज खेळण्यांच्या दुकानात दिसणारा वायकिंग घडला तो १८७६ साली जर्मनीतल्या बायरॉइथ इथे, वॅग्नरच्या संगीतनाट्यासाठी कार्ल एमिल डोप्लर यांनी आखलेल्या वेशभूषेतून. नॉर्वेतल्या ओसेबर्गच्या जहाज-दफनात मिळालेल्या विणलेल्या पटावर शिंगं ल्यालेली एक आकृती आहे, पण ती धार्मिक विधीतली मानतात. रणांगणावर असं शिरस्त्राण शत्रूच्या तलवारीला आयतीच पकड देईल.

गैरसमज : ते अस्वच्छ, रानटी लोक होते.

इथे इंग्लंडमधल्या यॉर्क शहराकडे वळावं लागतं. १९७६ ते १९८१ या काळात तिथल्या कॉपरगेट रस्त्याखाली उत्खनन झालं. जमीन ओलसर, हवा न शिरणारी. त्यामुळे एरवी कुजून जाणारं लाकूड, चामडं, कापड तिथे टिकलं. सुमारे चाळीस हजार वस्तू निघाल्या : लाकडी पेले, चामड्याचे जोडे, लोकरीचा पायमोजा, रेशमी टोपी, अंबर, आणि हरणाच्या शिंगापासून बनवलेले कंगवे. ही वायकिंग काळातल्या कारागिरांची वस्ती होती. लाकूड कातणारे, चामडं शिवणारे, कंगवे घडवणारे लोक शेजारी शेजारी राहत आणि परसातच काम करत. त्याच जागी १९८४ साली योर्विक वायकिंग सेंटर उघडलं.

कंगवा वायकिंगांच्या वस्त्यांत आणि थडग्यांत, पुरुषांच्याही थडग्यांत, वारंवार सापडतो. तेराव्या शतकातला एक इंग्रज इतिहासकार तर तक्रारच करतो की डेन लोक रोज केस विंचरतात, दर शनिवारी आंघोळ करतात आणि त्यामुळे आमच्या बायका त्यांच्यावर भाळतात. पण म्हणून त्यांना आजच्या अर्थाने निरोगी समजू नये. यॉर्कमध्येच १९७२ साली, एका बँकेच्या इमारतीच्या जागेवर, वायकिंग काळातली मानवी विष्ठा अश्मीभूत अवस्थेत सापडली. तिच्यात जंतांची असंख्य अंडी होती. ती पाहून मुलं नाक मुरडतात आणि हसतात, पण त्या माणसाचं पोट रोज दुखत असणार हेही त्यांना सांगायला हवं.

गैरसमज : गोरे, सोनेरी केसांचे, एकाच रक्ताचे लोक.

या कल्पनेचा विसाव्या शतकात वंशवाद्यांनी भयंकर वापर केला, म्हणून ती खोडणं मला सर्वांत निकडीचं वाटतं. २०२० साली ४४२ प्राचीन सांगाड्यांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या काळच्या स्कॅन्डिनेव्हियात दक्षिण युरोप आणि आशियाकडून आलेला वारसा मिसळलेला होता आणि काळसर केस आजच्यापेक्षा अधिक होते. ऑर्कनी बेटांवर वायकिंग पद्धतीने, तलवारीसह पुरलेल्या दोघांचा वंश तर स्थानिक ब्रिटिश निघाला. वायकिंग असणं हे रक्ताशी नव्हे, जगण्याच्या रीतीशी जोडलेलं होतं.

लढवय्ये म्हणजे पुरुषच, ही समजूतही अशीच हलली. स्वीडनमधल्या बिर्का इथे १८७८ साली उघडलेल्या एका थडग्यात तलवार, कुऱ्हाड, भाले, बाण आणि दोन घोडे होते. शंभरहून अधिक वर्षं त्यात पुरलेली व्यक्ती पुरुष योद्धा मानली गेली. २०१७ साली डीएनएने ती स्त्री असल्याचं दाखवलं. तिने स्वतः शस्त्र चालवलं होतं का, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. वर्गात तोही मांडावा.

मराठी वाचकाला जवळचा वाटेल असा गैरसमज वेगळाच आहे : वायकिंग भारतापर्यंत आले होते. त्यासाठी दोन पुरावे पुढे केले जातात. पहिला, नॉर्वेच्या ओसेबर्ग जहाजातली बादली. तिच्या कडीपाशी मांडी घालून बसलेली, डोळे मिटलेली आकृती आहे, छातीवर स्वस्तिकांची नक्षी. पण ते काम आयर्लंड-ब्रिटनकडचं आहे, बुद्धाशी त्याचा संबंध नाही. दुसरा पुरावा मात्र अस्सल. स्टॉकहोमजवळ हेल्गो बेटावर १९५६ साली ब्राँझची छोटी बुद्धमूर्ती निघाली. उंची साडेआठ सेंटीमीटरही नाही, काळ सुमारे सहावं शतक, मूळ भारतीय उपखंडाच्या वायव्येकडचं. त्याच बेटावर आयरिश धर्मदंडाचा माथा आणि इजिप्तकडची पळीही मिळाली. एका हातातून दुसऱ्या हातात जात वस्तू इतका प्रवास करते. त्यासाठी कुणा वायकिंगाने सिंधू ओलांडायची गरज नव्हती. इंग्लंडमधल्या रेप्टन इथे वायकिंगांच्या मोठ्या सैन्याने ८७३-७४ सालचा हिवाळा काढला. तिथे लाल अकिकाचा एक मणी सापडला. तो गुजरातकडचा असावा, असं पुरातत्त्वज्ञ कॅट जार्मन मांडतात आणि त्याचा माग रशियातल्या नद्या व बगदादच्या बाजारांतून काढतात.

अमेरिकेपर्यंत मात्र ते खरंच पोचले. न्यूफाउंडलंडमधली त्यांची वस्ती १९६० साली सापडली, आणि तिथलं लाकूड १०२१ साली तोडलेलं होतं हे २०२१ साली सिद्ध झालं.

आता नवा गैरसमज, जो जुने खोडण्याच्या उत्साहात शिक्षकच पसरवतात : ते खरं तर शांत व्यापारी होते. पण स्कॅन्डिनेव्हियात मिळालेल्या हजारो अरबी दिरहम नाण्यांची चांदी केसाळ कातड्यांच्या आणि माणसांच्या मोबदल्यात आलेली आहे. ९२२ साली व्होल्गाकाठी रूस, म्हणजे पूर्वेकडे गेलेल्या वायकिंग, व्यापाऱ्यांना भेटलेल्या इब्न फदलान या अरब प्रवाशाने विक्रीसाठी आणलेल्या गुलाम मुलींचं वर्णन केलं आहे. ८७१ साली दोन वायकिंग सरदार दोनशे जहाजांसह डब्लिनला परतले, सोबत इंग्रज, ब्रिटन आणि पिक्ट कैद्यांचा मोठा जथा घेऊन, अशी अल्स्टरच्या बखरीत नोंद आहे. डब्लिन, बिर्का आणि हेडेबी इथल्या उत्खननांत लोखंडी बेड्या मिळाल्या आहेत.

ब्रिटनमधल्या मराठी घरांतली मुलंही हा धडा शिकतात. शाळेच्या वायकिंग दिवसासाठी त्यांना तयार करताना पालकांनी शिंगांची टोपी आणू नये, कमरेला कंगवा लावून द्यावा. आणि शिक्षकांनी त्या दिवशी कंगव्याशेजारी बेडीचंही चित्र ठेवावं.