विरजणाशिवाय आंबणारी माडी



चरकातून काढलेला उसाचा रस दुपारपर्यंत तसाच राहिला तर फेसाळतो, आंबूस लागतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको. त्यात विरजण कुणी घातलेले नसते. सालीवरचे, चरकावरचे, हवेतले जंतूच ते काम करतात. घाट उतरून पेण-रोह्याकडे आणि पुढे अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्याला गेलो, की हाच प्रकार ताडा-माडाच्या शेंड्याला टांगलेल्या मडक्यात चालू असतो. तिकडे भंडारी समाजाचा हा पिढीजात धंदा. १८७८ च्या अबकारी कायद्याने त्यावर सरकारी पकड घट्ट झाली. आजही परवान्याशिवाय माडी काढता येत नाही.

नारळाची न उमललेली पोय बांधून तिचे टोक रोज पातळ कापतात. त्यातून जो रस ठिबकतो त्यातली साखर म्हणजे आपल्या उसाचीच साखर, आणि प्रमाणही जवळपास तेवढेच. मडक्याला आतून चुना लावला तर रस आंबत नाही, ती नीरा. कारखान्यात रसाला चुना देतात तो मुख्यतः मळी बसावी म्हणून, पण रसाचा आंबटपणा त्यानेही मारला जातो.

चुना नसला, की चवीचे घड्याळ सुरू होते. पहाटेची माडी गोड, किंचित बुळबुळीत. हा बुळबुळीतपणा करणारे ल्युकोनोस्टॉक नावाचे जंतू आपल्या तोडून पडलेल्या उसातही शिरतात. रस चिकट होतो, साखरेचा दाणा नीट बसत नाही. ऊस वेळेत गाळपाला आणा म्हणतात ते काही उगाच नाही! सकाळ चढली की यीस्ट जोर धरते, बुडबुडे येतात, गोडी उतरते, नशा चढते. संध्याकाळी ताकासारखा आंबटपणा जिभेच्या कडांना जाणवतो. एकदोन दिवसांनी मात्र वास नाकात घुसतो, घसा धरतो. तो शिरका झाला. गोव्यात तोही स्वयंपाकाला वापरतात, आणि ताज्या माडीने सान्ना फुगवतात.

बेल्जियममध्ये ब्रुसेल्सच्या आसपास अशीच बिअर करतात, तिला लॅम्बिक म्हणतात. जव आणि गव्हाचा उकळलेला काढा थंडीच्या रात्री उथळ हौदात उघडा ठेवायचा, जे जंतू पडतील ते पडू द्यायचे, मग लाकडी पिंपात एक ते तीन वर्षे मुरवायचा. ब्रुसेल्समधली, १९०० साली स्थापन झालेली कांतियों ही भट्टी हेच करते. गोडी जवळजवळ नाही, कैरीसारखा आंबटपणा, आणि वास थेट गोठ्याचा! तरी जाणकार तो आवडीने हुंगतात. माडी दिवसात जे करते तेच लॅम्बिक वर्षात करते, एवढाच फरक.

आता कामाची गोष्ट. ताडीत क्लोरल हायड्रेट हे गुंगीचे औषध आणि गोडीसाठी सॅकरिन मिसळल्याचे गुन्हे महाराष्ट्रात अनेकदा पकडले गेले आहेत, माणसेही दगावली आहेत. खरी माडी एका जागी थांबत नाही. सकाळची चव संध्याकाळी राहत नाही. दिवसभर तशीच गोड राहणारी, फेस न धरणारी, जिभेवर कडवट गोडी रेंगाळवणारी ताडी झाडाची नव्हे असेच समजावे. उलट, आंबट लागली म्हणून शुद्ध, असेही नाही. आंबटपणा लिंबाच्या फुलानेही आणता येतो. आणि क्लोरलचा पत्ता जिभेला लागेलच असे नाही, तो प्रयोगशाळेतच लागतो.