पिस्तूल बिघडते तेव्हा गुणवत्ता कुठे जाते?

25 जुलै 2021 ची गोष्ट. टोकियो ऑलिम्पिकमध्ये असाका येथील नेमबाजी केंद्रावर महिलांच्या 10 मीटर एअर पिस्तूल स्पर्धेची पात्रता फेरी चालू होती. हरियाणातील झज्जर जिल्ह्यातली 19 वर्षांची मनू भाकर पहिल्या दहा शॉटमध्ये 98 गुण घेऊन उत्तम चालली होती. सोळा शॉट झाले आणि तिच्या हातातले पिस्तूल बंद पडले. साऱ्या जगासमोर, ऐन सामन्यात!

(तिचे नाव मनू आहे. 1927 साली महाडला मनुस्मृती जाळणाऱ्यांचे आम्ही वारस, तेव्हा हे नाव आमच्या काही वाचकांना खटकेल. पण त्यात त्या पोरीचा काय दोष? नावाशी आमचे भांडण नाही.)

आपल्याकडे हातात मावणाऱ्या कोणत्याही बंदुकीला सर्रास रिव्हॉल्व्हर म्हणण्याची सवय आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये फिरते चक्र असते. एक गोळी फुसकी निघाली तर पुन्हा चाप ओढला की पुढची गोळी समोर येते. एअर पिस्तुलाला ती सोय नाही. प्रत्येक शॉटआधी त्याची दांडी उघडायची, 4.5 मिलिमीटरचा एक छर्रा ठेवायचा, दांडी मिटायची आणि मग नेम धरायचा. दहा मीटरवरच्या लक्ष्यातले दहा गुणांचे वर्तुळ अवघे 11.5 मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढे. मनूच्या पिस्तुलाचा इलेक्ट्रॉनिक चाप बिघडला असे पहिल्यांदा छापून आले. नंतर प्रशिक्षक रौनक पंडित यांनी खुलासा केला की ती छर्रा भरायची दांडीच मोडली होती. दांडी मोडली की छर्रा भरता येत नाही आणि जगातला कितीही मोठा नेमबाज असला तरी तो तिथे निव्वळ उभा राहतो. दुसरे पिस्तूल घ्यावे तर त्याची मूठ आणि नेम पुन्हा जुळवून घेण्यात वेळ जाणार. म्हणून दुरुस्ती झाली.

या साऱ्यात सतरा ते वीस मिनिटे गेली. साठ शॉटसाठी एकूण वेळ 75 मिनिटांचा. नेमबाजाच्या स्वतःच्या हत्यारात बिघाड झाला तर ते दुरुस्त करायला किंवा बदलायला परवानगी मिळते, पण घड्याळ थांबत नाही. मनू परतली तेव्हा 44 शॉट बाकी होते आणि हातात चाळीस मिनिटेही नव्हती. एका शॉटला सव्वा मिनिट मिळायचे ते मिनिटाच्याही आत आले. ज्या खेळात श्वास सोडून, मन स्थिर करून चाप दाबायचा, त्या खेळात ही धावपळ! तरीही पोरीने 575 गुण केले. अंतिम फेरीत जाणारे पहिले आठ. मनू बारावी आली. दोन गुण कमी पडले.

त्या रात्री देशभर हळहळ व्यक्त झाली. तिच्यावर टीका झालीच नाही असे नाही. दबाव सोसत नाही वगैरे बोलणारे बोलले. पण बहुतेकांना एक गोष्ट न सांगता समजली, की फलकावर लागलेले 575 म्हणजे मनू भाकरची सगळी लायकी नव्हे. त्या आकड्यात मोडलेली दांडी आहे, वाया गेलेली मिनिटे आहेत. हे समजायला कोणाला समाजशास्त्राची पदवी लागली नाही. पिस्तूल डोळ्यांसमोर बंद पडले होते ना!

आमचा प्रश्न इथून सुरू होतो. हीच समजूत आमच्या पोरांच्या वाट्याला का येत नाही?

तेच 2021 साल आठवा. कोरोनाने शाळा बंद होत्या आणि शिक्षण मोबाईलमध्ये शिरले होते. ऊसतोडीच्या कोपीवर आणि शहरातल्या झोपडपट्टीत घरात एकच फोन, तोही बाप कामावर घेऊन जाणारा, त्यात तीन भावंडे. कधी रेंज नाही, कधी रिचार्ज संपलेला. हत्यार बिघडले म्हणायचे ते याला नाही तर कशाला? आणि परीक्षेचे घड्याळ? ते कुठे थांबले होते? मग त्या मुलाचे दोन गुण कमी पडले की ‘यांच्यात मेरिट नाही’ म्हणायला मंडळी मोकळी. मनूचे पिस्तूल त्यांना दिसले, आमच्या पोराचे दिसले नाही. कारण ते त्यांनी पाहायचेच नाही असे ठरवले आहे. जिच्या हातात उत्तम पिस्तूल, पाठीशी प्रशिक्षक आणि जवळ दुसरे राखीव हत्यार होते तिलाही एका दांडीने बाराव्या क्रमांकावर नेले. ज्याच्या हातात मुळात हत्यारच दिले नाही त्याचे गुण तुम्ही कोणत्या तराजूत तोलता?

अर्थात आम्ही म्हणतो म्हणून कोणी ऐकणार नाही. पण 20 जानेवारी 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयानेही वैद्यकीय प्रवेशातील ओबीसी आरक्षणाच्या प्रकरणात हेच सांगितले. खुल्या स्पर्धा परीक्षेतले गुण म्हणजेच गुणवत्ता, अशी संकुचित व्याख्या करता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी तो लिहिला. निकाल येऊन काही वर्षे झाली, पण कट्ट्यावरच्या आणि कचेऱ्यांतल्या गुणवंतांपर्यंत तो पोचलेला दिसत नाही.

मनूच्या घड्याळाची गोष्ट वाचताना आम्हाला आणखी एक घड्याळ आठवले. 1917 साली बाबासाहेब लंडनमध्ये शिकत होते. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. बोट दुसरी म्हणून बाबासाहेब वाचले. त्यांची पुस्तके मात्र ज्या बोटीने निघाली होती ती महायुद्धात टॉर्पेडोने बुडाली. विद्यार्थ्याची पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली, याहून मोठा हत्याराचा बिघाड कोणता? पण तिथे एक गोष्ट घडली. लंडन विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा दिली. म्हणजे त्या विद्यापीठाने घड्याळ थांबवले! बाबासाहेबांनी मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आणि पारशी मित्र नवल भथेना यांनी हात दिला. 1920 साली ते पुन्हा लंडनला गेले, 1921 मध्ये एम.एस्सी. आणि 1923 मध्ये डी.एस्सी. झाले. विद्यापीठाने त्यांना एक गुणही फुकट दिला नव्हता. दिला होता तो वेळ. आरक्षणाला आणि शिष्यवृत्तीला ‘खैरात’ म्हणणाऱ्यांनी एवढे तरी समजून घ्यावे.

मनूलाही पुढे वेळ मिळाला. 28 जुलै 2024 रोजी पॅरिसमध्ये त्याच 10 मीटर एअर पिस्तूलमध्ये तिने कांस्यपदक जिंकले आणि दोनच दिवसांनी सरबज्योत सिंगबरोबर मिश्र सांघिकचे दुसरे. तिच्या तयारीवर सुमारे 2 कोटी रुपये खर्च झाले, जर्मनी आणि स्वित्झर्लंडला सरावाला पाठवले, असे क्रीडामंत्री मनसुख मांडविया यांनीच अभिमानाने सांगितले. आम्हालाही त्याचा आनंदच आहे. सरकारचा पैसा असाच लागावा. त्याच पॅरिसमध्ये 1 ऑगस्टला आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे रायफलमध्ये कांस्यपदक घेऊन आला. तो घडला महाराष्ट्र सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत, पोटासाठी नोकरी रेल्वेची. सरकारी योजना आणि सरकारी नोकरी नसती तर शिक्षकाच्या त्या मुलाने महागड्या गोळ्या किती दिवस झाडल्या असत्या? नेमबाजाला मिळालेला सरकारी पैसा ‘गुंतवणूक’ आणि आमच्या विद्यार्थ्याला मिळालेला ‘सवलत’, ही भाषा कोणी ठरवली?

त्या विद्यार्थ्याचे आज काय चालले आहे तेही पाहावे. परदेशी शिकण्यासाठी अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना महाराष्ट्र सरकार जी शिष्यवृत्ती देते, तिला राजर्षी शाहू महाराजांचेच नाव आहे. वर्षाला जागा 75. हप्ता उशिरा येतो ही तक्रार आता नवी राहिलेली नाही. इथल्या कॉलेजांतही भारत सरकार शिष्यवृत्तीची रक्कम जमा होईपर्यंत परीक्षा उरकलेली असते आणि फीसाठी निकाल, दाखला अडवून ठेवला जातो. फाईल मंत्रालयात एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात असते आणि तिकडे पोरगा घरभाड्यासाठी हॉटेलात भांडी घासत प्रबंधाचे दिवस मोजत असतो. असाकाला निदान पिस्तूल मनूचे स्वतःचे होते. इथे दांडी मोडते ती सरकारच्या हातात आणि मिनिटे जातात विद्यार्थ्याची. हप्ता जितके दिवस उशिरा येईल तितके दिवस विद्यार्थ्याची मुदत वाढवून द्यावी आणि तोवर फीसाठी एकाचाही निकाल अडवू नये, एवढा आदेश सामाजिक न्याय विभाग या वर्षीचे प्रवेश संपण्याआधी काढणार आहे काय?