ब्रेक लावताच एका अंगाला ओढणारी मोटार

एरवी सुतासारखी सरळ चालणारी मोटार ब्रेकवर पाय पडताच डावीकडे ओढू लागली, म्हणजे मालक गॅरेजात रुजू होतो, मेस्त्री दस्तुराप्रमाणे डावे चाक उतरवतो, आणि त्यात काहीच दोष न आढळल्याने उभयता बुचकळ्यात पडतात. वास्तविक पुष्कळदा त्या बिचाऱ्या चाकाची कसूर एवढीच असते, की ते आपले काम चोख बजावीत असते. ज्या बाजूस गतिरोध अधिक त्या बाजूस गाडी वळते. तेव्हा उजव्या कॅलिपरच्या सरकत्या पिना चिखलपाण्याने गंजून अडकल्या, पॅडला ग्रीस लागले, किंवा होज पाइप आतून सुजून ब्रेक ऑइलची वाट अडली, तर थांबविण्याचा सारा बोजा डाव्या चाकावर येतो. ब्रेक सोडल्यावरही ओढ कायम राहिली, तर मात्र त्याच बाजूचा पिस्टन अडकून पॅड डिस्कला घासत असल्याचा संशय घ्यावा.

ब्रेक न लावताही गाडी भरकटत असेल, तर प्रथम टायरमधली हवा आणि अलाइनमेंट पाहावे. हलक्या ब्रेकला सरळ राहणारी गाडी जोराच्या ब्रेकला हिसका देऊन दिशा बदलत असेल, तर लोअर आर्मचे झिजलेले बुश चाकाचा कोन बिघडवीत असतात. उष्णतेची साक्ष सर्वांत विश्वसनीय, कारण ब्रेक गाडीची गतिज ऊर्जा उष्णतेतच परिवर्तित करतात, आणि वेग दुप्पट झाला की ती ऊर्जा चौपट होते. म्हणून खंबाटकीसारखा घाट उतरल्यावर, स्पर्श न करता, पुढच्या दोन्ही चाकांजवळ हात नेऊन तफावत अजमावावी.

स्टिअरिंग थरथरले की ‘डिस्क वाकली’ असा निकाल देण्याची आपल्याकडे प्रथाच आहे. बहुधा डिस्कच्या जाडीत मिलिमीटरच्या काही शतांश भागांचा फरक पडलेला असतो, आणि तेवढाही पुरतो.

सर्वांत घातक लक्षण गाडीचा मागचा भाग फिरण्याचे. ब्रेक लावताच भार पुढे सरकून मागची चाके हलकी होतात. पुढची चाके जखडली तर गाडी वळत नाही, पण बहुतांशी सरळ घसरते, उलट मागची आधी जखडली तर ती गरकन फिरते. 1978 साली बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक एबीएस यंत्रणा मर्सिडीझच्या गाड्यांत आली, ती चाके जखडू नयेत म्हणूनच. तथापि गुळगुळीत टायर वा गळक्या व्हील सिलिंडरवर तिचा इलाज चालत नाही. दोष कोणत्याही चाकात सापडो, पॅड किंवा डिस्क दोन्ही बाजूंची जोडीनेच बदलून घ्यावी.