मुखवट्याआधीची शपथ

चित्रकथेतील महानायक रूपेरी पडद्यावर येतो तेव्हा चित्रपटगृहात दोन प्रकारचे प्रेक्षक शिरतात. एकाला तो नायक आयुष्यात प्रथमच भेटत असतो. दुसऱ्याने त्याला वर्गातल्या बाकाखाली, रद्दीच्या दुकानात किंवा चार आण्यांच्या फिरत्या वाचनालयात कधीच ओळखलेले असते. पहिल्याची करमणूक झाली की काम भागते. दुसरा मात्र परीक्षक म्हणून खुर्चीत बसलेला असतो. नायक नायक कसा झाला हे सांगणारा, म्हणजे उगमकथेचा, चित्रपट तरतो किंवा बुडतो तो या दुसऱ्या प्रेक्षकाच्या न्यायालयात. त्याला नेमके काय हवे असते, हा प्रश्न वरवर वाटतो तितका पोरकट नाही.

निर्मात्यांचे उत्तर ठरलेले आहे: पोशाख हुबेहूब हवा, चिन्हे जागच्या जागी हवीत, चमत्कार डोळे दिपवणारे हवेत. हे उत्तर अपुरे आहे याचा पुरावा मराठी वाचकाला जवळच सापडेल. टाइम्स ऑफ इंडिया वृत्तसमूहाने १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले आणि ली फॉक यांनी १९३६ मध्ये निर्माण केलेला ‘फँटम’ मराठी घरांत ‘वेताळ’ होऊन आला. बंगालची आठवण करून देणारे त्याच्या देशाचे नाव बदलून येथे ‘डेंकाली’ करण्यात आले. नायकाचे नाव बदलले, देशाचे बदलले, तरी वाचकाने तक्रार केली नाही. याचे कारण उघड आहे. समुद्रचाच्यांनी बापाला ठार मारले, एकटा वाचलेला मुलगा किनाऱ्याला लागला, बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने अन्यायाविरुद्ध लढण्याची शपथ घेतली आणि ती शपथ पिढ्यान्‌पिढ्या बापाकडून मुलाकडे गेली, हा गाभा शाबूत होता.

१९९६ मध्ये सायमन विन्सर यांनी याच वेताळावर इंग्रजी चित्रपट काढला. त्यात जांभळा पोशाख होता, कवटीची अंगठी होती, पांढरा घोडा आणि लांडगाही होता. परंतु ज्या शपथेवर चारशे वर्षांची ही परंपरा उभी, ती आरंभीच्या काही क्षणांत उरकून चित्रपट कवट्यांच्या शोधाकडे धावत सुटला. सामान सगळे आले आणि घरधनी मागे राहिला. चित्रपटाला तिकीटखिडकीवर अपयश आले. अपयशाची कारणे नेहमीच अनेक असतात, हे मान्य केले तरी बाह्य निष्ठा त्याला वाचवू शकली नाही, एवढे नक्की.

याउलट रिचर्ड डॉनर यांचा १९७८ चा ‘सुपरमॅन’ पाहावा. त्याला आकाशात उडवण्याची घाई दिग्दर्शकाने केली नाही. खेड्यात वाढणाऱ्या त्या मुलाचा पालक पिता हृदयविकाराने कोसळतो. अंगी अचाट सामर्थ्य असूनही त्याला वाचवता आले नाही, ही खंत घेऊन तो मुलगा थडग्यापाशी उभा राहतो. सामर्थ्याची मर्यादा त्याला सामर्थ्याच्या वापराआधी कळते. सॅम रायमी यांच्या २००२ मधील ‘स्पायडरमॅन’चेही तेच. हाती आलेल्या चोराला तो बेफिकिरीने जाऊ देतो आणि ती बेफिकिरी त्याच्या चुलत्याच्या मृत्यूच्या रूपाने घरी परत येते. मूळ चित्रकथा १९६२ ची. चाळीस वर्षांनी तपशील बदलले, तो अपराधभाव मात्र तसाच राहिला. वाचकाने चित्रपट आपला मानला तो त्यासाठी. कोळी चावला हा अपघात होता. खरा उगम आहे तो चुकीच्या जाणिवेत.

तात्पर्य, चाहत्याला नायकाला शक्ती कोठून मिळाली यापेक्षा ती वापरण्याचा निर्णय त्याने का घेतला, हे हवे असते. हा निर्णय जिथे खरा वाटतो, तिथे शिंप्याच्या आणि छायाचित्रकाराच्या चुका तो उदार मनाने माफ करतो.

या कसोटीला पुरेपूर उतरणारी एक उगमकथा आपल्याच मातीत लिहिली गेली आहे. परदेशी नायकांच्या गर्दीत ‘इंद्रजाल’ने १९७६ मध्ये ‘बहादूर’ हा भारतीय नायक उभा केला. लेखक आबिद सुरती, चित्रकार गोविंद ब्राह्मणिया. बहादूरला उडता येत नाही, त्याच्या अंगावर गोळी परतवणारे कवचही नाही. तो एका दरोडेखोराचा मुलगा. बाप पोलिसांच्या हातून मारला गेला, म्हणून सूडाची आग घेऊन वाढलेला. पण बापाने किती संसार उद्ध्वस्त केले हे कळते तेव्हा त्याचा सूड गळून पडतो आणि ज्या कायद्याला तो शत्रू मानत होता त्याच्याच बाजूला उभा राहून तो नागरिक सुरक्षा दल उभारतो. वेताळाने बापाच्या मारेकऱ्याविरुद्ध शपथ घेतली. बहादूरला बापाच्याच वारशाविरुद्ध घ्यावी लागली. दुसरी शपथ अधिक अवघड आहे. शिवाय मुखवटा घालून कायदा हातात घेण्यापेक्षा गावकऱ्यांना संघटित करून पोलिसांना साथ देण्याची ही कल्पना लोकशाहीतील नायकाला शोभणारी आहे.

या नायकाचे जनक पुढे मुंबईच्या वेशीवरील मीरा रोड येथे राहू लागले. ‘धर्मयुग’मधील ‘ढब्बूजी’मुळे हिंदी वाचकांना ते परिचित होतेच. मिठागरे आणि कोळीवाडे यांच्या शेजारी वाढत वाढत २०११ च्या जनगणनेत आठ लाखांवर गेलेल्या मीरा-भाईंदरला पाणीटंचाई नवी नाही. या शहरात सुरती यांनी २००७ मध्ये एक साधा उपक्रम हाती घेतला. दर रविवारी एका प्लंबरला बरोबर घेऊन इमारतींतील घरोघरी जायचे आणि गळके नळ विनामूल्य दुरुस्त करून द्यायचे. पहिल्या वर्षी १,६६६ घरांना भेटी देऊन ४१४ नळ दुरुस्त झाले आणि सुमारे ४ लाख १४ हजार लिटर पाणी वाचले, असा हिशेब नोंदला गेला आहे. बालपणी एकेका बादलीसाठी माणसे भांडताना त्यांनी पाहिली होती. वॉशर बदलणाऱ्या या कामाचाही उगम असा एका जुन्या जखमेत आहे.

योगायोग असा की पाण्याच्याच चोरीवर बेतलेला एक हिंदी महानायकपट २०१८ मध्ये आला. विक्रमादित्य मोटवाने यांच्या ‘भावेश जोशी सुपरहिरो’ची कथा मुंबईतच घडते. परदेशी जाण्यासाठी पासपोर्ट हवा म्हणून लाच देणारा तरुण, पाणीचोरी उघड करू पाहणारा मित्र मारला गेल्यावर त्याचा मुखवटा चढवतो. निर्णय खरा, जखम खरी. तरीही चित्रपट तिकीटखिडकीवर पडला. मग वरील कसोटी खोटी ठरते काय? नाही. या नायकाच्या पाठीशी कोणतीही चित्रकथा नव्हती. त्याची वाट पाहणारा, त्याला बालपणापासून ओळखणारा प्रेक्षकच नव्हता. नंतर घरबसल्या तो पाहणाऱ्या तरुणांनी त्याला उचलून धरले ते मात्र त्या निर्णयाच्या खरेपणामुळेच. सच्च्या उगमकथेने गर्दी जमेलच असे नाही, पण जमलेली गर्दी टिकते ती तिच्यामुळेच.

बहादूरपाशी या दोन्ही गोष्टी आहेत. ‘इंद्रजाल’ १९९० मध्ये बंद पडले, तरी त्याचे वाचक आज शाळांतून शिकवतात, कचेऱ्यांतून फायली हाताळतात, निवृत्त होऊन नातवंडांना गोष्टी सांगतात. उद्या कोणी त्याच्यावर चित्रपट काढला, तर त्याचा कुर्ता कोणत्या रंगाचा होता यावर ते वाद घालतील, घालावाच. पण दिग्दर्शकाने त्याला अचाट शक्ती बहाल केली आणि सूड सोडून देण्याचा तो एक क्षण गाळला, तर ते मुकाट्याने उठून जातील. शाळकरी मुलांनाही त्या क्षणाचीच गरज अधिक आहे. शक्ती मिळण्याची वाट पाहत बसणाऱ्या पिढीला, शक्ती नसतानाही निर्णय घेता येतो, हे कोणीतरी सांगायला हवे. ज्याने ही गोष्ट कागदावर रंगवली, त्यानेच ती मीरा रोडच्या जिन्यांवरून पान्हा घेतलेल्या माणसाबरोबर चढून खरी करून दाखवली आहे.