अल्पायुषी रहस्यमासिकांचा ताळेबंद

वाचकाला खिळवून ठेवणारी रहस्यकथा लिहिणे सोपे नाही. परंतु अशा कथांचे मासिक चालविणे त्याहूनही कठीण, असे अमेरिकेतील ‘पल्प’ मासिकांचा इतिहास सांगतो. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त, खरबरीत कागदावर ती छापली जात. त्यावरूनच त्यांना हे नाव पडले.

एच. एल. मेंकेन व जॉर्ज जीन नेथन यांनी आपल्या ‘द स्मार्ट सेट’ या वाङ्मयीन मासिकाला आर्थिक आधार मिळावा म्हणून १९२० मध्ये ‘ब्लॅक मास्क’ काढले. भांडवल अवघे ५०० डॉलर. आठ अंकांनंतर त्यांनी ते १२,५०० डॉलरना विकले. पुढे याच मासिकात डॅशिएल हॅमेट यांची ‘द माल्टीज फाल्कन’ ही कादंबरी १९२९-३० मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. मंदीच्या काळात तेल कंपनीतील नोकरी गमावलेल्या रेमंड चँडलर यांची पहिली रहस्यकथाही १९३३ मध्ये येथेच छापली गेली. मानधन शब्दांच्या हिशेबाने मिळे. अनेक लेखकांचा चरितार्थ त्यावरच चाले.

मात्र या व्यवसायाचा पाया कच्चा होता. अंकाची किंमत काही सेंट, नफा तुटपुंजा आणि न खपलेले अंक परत येत. दुसऱ्या महायुद्धात कागद दुर्मीळ झाला. त्यानंतर स्वस्त पुस्तके आणि दूरचित्रवाणी यांनी वाचक ओढून घेतले. ‘स्ट्रीट अँड स्मिथ’ या मोठ्या प्रकाशनसंस्थेने १९४९ मध्ये आपली बहुतेक पल्प मासिके बंद केली. १९५१ मध्ये ‘ब्लॅक मास्क’ही थांबले.

१९५३ मध्ये ‘मॅनहंट’ला यश लाभताच लहान आकाराच्या नव्या रहस्यमासिकांची रीघ लागली. त्याच वर्षी निघालेले ‘व्हर्डिक्ट’ काही अंकांतच संपले. १९५७ मध्ये ‘अमेरिकन न्यूज कंपनी’ ही प्रचंड वितरणसंस्था बंद पडली, तेव्हा अनेक लहान मासिकांचा विक्रेत्यांपर्यंतचा मार्गच खुंटला. ‘एड मॅकबेन्स मिस्टरी बुक’सारख्या नामवंत लेखकाच्या नावाने निघालेल्या मासिकाचेही १९६०-६१ मध्ये तीनच अंक निघू शकले.

हॅमेट व चँडलर ग्रंथरूपाने जगभर पोहोचले. परंतु ज्यांच्या कथा पुस्तकात आल्या नाहीत, अशा असंख्य लेखकांचे लेखन त्या पिवळ्या पडून तुकडे होणाऱ्या कागदावरच राहिले. ग्रंथालये व संग्राहक आज हे जुने अंक जपत आहेत, त्यांच्या संगणकीय प्रती तयार करीत आहेत. अनेक कथांच्या बाबतीत तो अंक हीच एकमेव प्रत आहे.